एका संगणकाला सहा ग्राफिक्स कार्डं: मायनिंग रिगची बांधणी, पायरीपायरीने

ग्राफिक्स कार्डांवर क्रिप्टो मायनिंग (अवघड मोजणी करून त्या बदल्यात डिजिटल नाणी मिळवणं) करणारा संगणक, म्हणजे रिग, कसा बांधायचा हे दाखवणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. त्यातले बरेचसे २०२१च्या तेजीतले आहेत. कुठलं कार्ड किती हॅशरेट, म्हणजे मोजणीचा वेग, देतं यावर त्यांत अर्धा तास बोलणं होतं, आणि वीज, वायर, अर्थिंग हे विषय दोन मिनिटांत उरकले जातात. नवख्या माणसाचं नुकसान नेमकं तिथेच होतं. कार्ड स्लॉटमध्ये बसवायला पाच मिनिटं पुरतात. सहा कार्डांना दिवसरात्र, महिनोन्‌महिने सुरक्षित वीज पोचवणं हे खरं काम आहे, म्हणून या लेखात मी त्यावर जास्त थांबणार आहे.

खरेदीच्या आधी: कागद आणि पेन्सिल

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम हे चलन प्रूफ ऑफ वर्क, म्हणजे मोजणीवर चालणारी पद्धत, सोडून प्रूफ ऑफ स्टेकवर गेलं, जिथे मायनिंग लागतच नाही. तोवर ग्राफिक्स कार्डांचं बहुतेक मायनिंग इथेरियमवरच चालायचं. त्यानंतर ती कार्डं रेव्हनकॉइन, अर्गो, इथेरियम क्लासिक अशा लहान नाण्यांकडे वळली आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम एकदम घसरली. बिटकॉइनचा विचार तर करूच नका. तिथे २०१३पासून खास त्याच कामासाठी बनवलेली एसिक यंत्रं आहेत, त्यांच्यापुढे ग्राफिक्स कार्डाचा निभाव लागत नाही.

आता विजेचा हिशोब. समजा आरटीएक्स ३०६० टीआयसारखी सहा कार्डं आहेत आणि नीट ट्यून केल्यावर (वीज आणि वेग जुळवून घेतल्यावर) प्रत्येक कार्ड १३० वॅटच्या आसपास घेतं. ते झाले ७८० वॅट. मदरबोर्ड, प्रोसेसर, रायझर (कार्ड बोर्डाला जोडणारे तुकडे) आणि पंख्यांचे ७० धरा, म्हणजे ८५०. पॉवर सप्लायची कार्यक्षमता ९० टक्के असेल तर भिंतीतून ओढले जातात साधारण ९४५ वॅट. दिवसाला सुमारे २२.७ युनिट, महिन्याला ६८०.

महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. घरातले फ्रीज, पंखे, गिझर खालचे टप्पे आधीच वापरून बसलेले असतात. रिगचे युनिट त्यांच्या डोक्यावर चढतात, म्हणून हिशोब सरासरी दराने करू नका. बिल काढा, सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार आणि वीज शुल्क मिळवा. उदाहरणापुरते १५ रुपये युनिट धरू. महिन्याचं रिगचं बिल झालं १०,२०० रुपये.

पुढचा भाग पुष्कळजण विसरतात. १ एप्रिल २०२२पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या विक्रीवरच्या उत्पन्नावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. यातून फक्त संपादन खर्च वजा होतो. मायनिंगसाठी उभारलेल्या यंत्रणेचा खर्च संपादन खर्चात धरला जाणार नाही, असं केंद्र सरकारने मार्च २०२२मध्ये लोकसभेत सांगितलं आहे. तोटाही दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. म्हणजे महिन्यात १५,००० रुपयांची नाणी विकली आणि संपादन खर्च शून्य धरला गेला, तर कर ४,६८० रुपये, उरले १०,३२०, आणि वीजबिल १०,२००. हातात राहिले १२० रुपये. कार्डांची किंमत अजून यात आलेलीच नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. महाराष्ट्रात पूर्ण दराची घरगुती वीज घेऊन, कर्ज काढून रिग बांधू नका. ज्यांच्या छतावर सौर पॅनेल आहेत आणि युनिट शिल्लक राहतात, ज्यांच्याकडे कार्डं आधीच पडून आहेत, किंवा ज्यांना हे यंत्र आतून शिकायचंच आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ब्लेंडर या प्रोग्रॅममधलं थ्री-डी रेंडरिंग अशाच रिगवर उत्तम चालतं, कारण तिथेही प्रत्येक कार्ड आपापलं काम वेगळं करतं. घरगुती जोडणीवर धंदा म्हणून मोठा लोड चालवणं वीज कायदा २००३च्या कलम १२६खाली अडचणीचं ठरू शकतं. मंजूर भार किती आहे तेही बिलावर छापलेलं असतं, ते आधी वाचा.

काय काय लागतं

एक गैरसमज पहिल्यांदा काढून टाकू. मायनिंगसाठी कार्डं एकमेकांना जोडायची नसतात. एसएलआय, क्रॉसफायर या कार्डं जोडण्याच्या पद्धती, त्यांचे ब्रिज, काही लागत नाही. प्रत्येक कार्ड मदरबोर्डाला स्वतंत्र जोडलं जातं आणि स्वतंत्र काम करतं. सहा कार्डांना सहा संगणक लागू नयेत, एकाच बोर्ड-प्रोसेसर-रॅमवर भागावं, एवढाच एकत्र जोडण्यामागचा उद्देश.

मदरबोर्ड निवडताना पीसीआय एक्सप्रेस स्लॉट मोजा. मायनिंगसाठीच काढलेले जुने बोर्ड सेकंडहँड बाजारात मिळतात: बायोस्टार टीबी२५०-बीटीसीवर ६ स्लॉट, एएसरॉक एच११० प्रो बीटीसी प्लसवर १३, आसुस बी२५० मायनिंग एक्सपर्टवर तर १९. यांना इंटेलचे सहाव्या-सातव्या पिढीचेच प्रोसेसर चालतात, तेव्हा बोर्ड आणि प्रोसेसर एकत्र घ्या. साधा सेलेरॉन किंवा पेंटियम पुरतो, फक्त त्यात इनबिल्ट ग्राफिक्स असू द्या. रॅम ८ जीबी. १२० जीबीची एसएसडी घ्या. पेनड्राइव्हवरही सिस्टिम चालते, पण सतत लिहून लिहून पेनड्राइव्ह लवकर मरतो. तुमच्याकडचा नेहमीचा बोर्ड वापरणार असाल तर त्याचं मॅन्युअल उघडून बघा, कारण अनेक बोर्डांवर एम.२ स्लॉट वापरला की एखादा पीसीआय स्लॉट किंवा साटा पोर्ट (डिस्क जोडायची जागा) बंद होतो.

कार्डं शक्यतो एकाच कंपनीच्या चिपची, जमलं तर एकाच मॉडेलची घ्या. एनव्हिडिया आणि एएमडी एका रिगमध्ये चालतात, पण ट्यूनिंग आणि दोष शोधणं दुप्पट होतं. मेमरी ४ जीबी असलेलं कार्ड स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. रेव्हनकॉइन आणि इथेरियम क्लासिक यांना मोजणीसाठी लागणारी डॅग नावाची फाइल कार्डाच्या मेमरीत मावावी लागते आणि ती वाढतच जाते. किमान ८ जीबी बघा. ‘एलएचआर (हॅशरेट मुद्दाम कमी ठेवलेलं) नसलेलं कार्ड’ म्हणून कोणी जादा भाव सांगितला तर देऊ नका. हॅशरेटवरची ती मर्यादा इथेरियमच्या अल्गोरिदमसाठी घातलेली होती.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला वापरलेली कार्डं मिळतात. दुकानातच चालवून बघा. पंखा हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका, पॉवर कनेक्टरच्या पिना पिवळट किंवा तपकिरी झाल्या आहेत का ते पाहा, आणि दहा-पंधरा मिनिटं फरमार्क हा कार्डावर ताण देणारा प्रोग्रॅम चालवून तापमान बघा. आरएक्स ५८०सारख्या जुन्या एएमडी कार्डांचा बायोस (कार्डातला मूळ प्रोग्रॅम) अनेकदा मायनिंगसाठी बदललेला असतो. मूळ बायोस परत टाकून मिळाला तर चांगलं.

रायझर

बोर्डावरचे स्लॉट एकमेकांना इतके चिकटून असतात की दोन जाड कार्डंही शेजारी मावत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे रायझर. याचे तीन भाग: बोर्डावरच्या छोट्या स्लॉटमध्ये बसणारी पट्टी, एक केबल, आणि लांब स्लॉट असलेली सर्किटची पाटी, जिच्यावर कार्ड बसतं.

केबल दिसायला यूएसबी ३.०ची असते, पण तिच्यातून यूएसबी वाहत नाही, पीसीआय एक्सप्रेसचे सिग्नल वाहतात. ती संगणकाच्या यूएसबी पोर्टला कधीही लावू नका. बोर्ड किंवा कार्ड जाऊ शकतं.

सोळा लेनचं (माहितीची ये-जा करणाऱ्या वाटांचं) कार्ड एका लेनवर कसं चालतं, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मायनिंगमध्ये कार्डाला सुरुवातीला थोडी माहिती मिळते, कार्ड आपल्या मेमरीत डॅग स्वतःच तयार करतं आणि मोजणी तिथेच चालते. बोर्डाकडे परत जाते ती अगदी थोडी माहिती. पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीची एक लेन सेकंदाला ५०० एमबी नेते, तेवढी भरपूर झाली. एआयची मोठी मॉडेलं अनेक कार्डांवर वाटून शिकवायची असतील तर मात्र हे रायझर उपयोगाचे नाहीत. तिथे कार्डं एकमेकांशी सतत बोलतात आणि एका लेनवर ती खोळंबतात.

रायझर निवडताना त्याला वीज कशी देतो ते बघा. कार्ड आपली काही वीज स्लॉटमधून घेतं, नियमाप्रमाणे ७५ वॅटपर्यंत. रायझर लावल्यावर ही वीज बोर्डातून येत नाही, रायझरच्या स्वतःच्या कनेक्टरमधून येते. साटा कनेक्टरवर १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॅट. कार्डाने ६०-७० वॅट मागितले की तो कनेक्टर तापतो, वितळतो, कधी पेटतो. रिगला लागलेल्या आगींचे जे फोटो फिरतात त्यांत वितळलेला साटा कनेक्टर हमखास दिसतो. सहा पिनांचा कनेक्टर असलेला रायझर घ्या आणि त्याला पॉवर सप्लायमधून आलेली पीसीआयची खरी सहा पिनी वायर लावा. रायझरसोबत ‘साटा ते सहा पिन’ असा एक छोटा तुकडा फुकट येतो. तो वापरला तर सगळा लोड परत साटावरच येतो. घरी आणल्याबरोबर तो कचऱ्यात टाका, म्हणजे घाईच्या वेळी हातात येणार नाही. सहा पिनी वायर कमी पडत असतील तर मोलेक्स (चार पिनांचा जुना कनेक्टर) चालेल, पण एका वायरच्या ओळीवर एकच रायझर, फार तर दोन.

सहा कार्डांसाठी आठ रायझर घ्या. नवे रायझरही बिघडलेले निघतात, आणि दोष शोधताना चांगला चालणारा एक रायझर हाताशी लागतोच.

पॉवर सप्लाय

ट्यून केल्यावरचा आकडा धरून पॉवर सप्लाय घेऊ नका. रिग अडकून पुन्हा सुरू झाली की काही वेळ कार्डं कारखान्याच्या सेटिंगवर चालतात. ३०६० टीआयचा मूळ आकडा २०० वॅट आहे. सहा कार्डांचे १,२०० आणि बाकीचे १००, असे १,३०० वॅट. चोवीस तास चालणारा पॉवर सप्लाय क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत वापरावा, म्हणजे १,६०० वॅटचा एक किंवा ८५० वॅटचे दोन. ८० प्लस गोल्ड या कार्यक्षमतेच्या दर्जाचा घ्या. स्वस्त सप्लायमध्ये जाणारी वीज महिन्याच्या बिलात वसूल होते.

दोन सप्लाय लावताना एक नियम पाळायचा आणि त्याला अपवाद नाही: एखाद्या कार्डाचा आठ पिनी कनेक्टर ज्या सप्लायवर आहे, त्याच कार्डाचा रायझरही त्याच सप्लायवर हवा. दोन सप्लायच्या १२ व्होल्टमध्ये थोडा फरक असतो. एकाच कार्डात दोन्हीकडची वीज आली की ती कार्डामधून इकडून तिकडे जायला बघते. वायरींना लाल आणि निळी टेप लावून ठेवा, कुठलं कार्ड कुठल्या सप्लायचं ते लांबून दिसलं पाहिजे. दोन्ही सप्लाय एकत्र सुरू करण्यासाठी अ‍ॅड-टू-पीएसयू नावाची छोटी पट्टी मिळते.

काहीजण जुन्या सर्व्हरमधला १,२०० वॅटचा सप्लाय ब्रेकआउट बोर्ड लावून वापरतात. तो टिकाऊ असतो, स्वस्त असतो, आणि फक्त १२ व्होल्ट देतो. म्हणून मदरबोर्डाला साधा एटीएक्स सप्लाय लागतोच. सर्व्हरचा सप्लाय आधी चालू करायचा, मग बोर्ड. त्याचे छोटे पंखे फार किंचाळतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांचा विचार करूनच घ्या.

मॉड्युलर सप्लायच्या सुट्या वायरी एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीला लावू नका. कनेक्टर चपखल बसतो, पण सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी वेगळी असते. १२ व्होल्ट भलत्या पिनेवर गेला की एसएसडी किंवा कार्ड त्याच क्षणी जातं. एकाच वायरीवर दोन आठ पिनी तोंडं असतील तर ती दोन जड कार्डांना वाटू नका.

घरातलं वायरिंग

साध्या ६ अँपच्या सॉकेटची मर्यादा २३० व्होल्टला १,३८० वॅट. कागदावर ९४५ वॅट त्यात बसतात, पण वर्षानुवर्षं दिवसरात्र हा लोड त्या सॉकेटवर नको. गिझर किंवा एसीसाठी असतो तसा १६ अँपचा पॉइंट घ्या. मीटरजवळच्या बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढा, ४ चौरस मिलिमीटरची, आणि तिला स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की बंद होणारा स्विच) व आरसीसीबी (वीज गळली की बंद होणारा स्विच) लावा. पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं सामान मिळतं. जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. एक्स्टेंशन बोर्डावर रिग चालवू नका.

अर्थिंगबद्दल जरा सविस्तर. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात आणि ते फेज व न्यूट्रलमधून धातूच्या खोक्याकडे जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर त्या खोक्यावर पुरवठ्याच्या निम्मे व्होल्ट, म्हणजे सुमारे ११५, तरंगत राहतात. रिगच्या सांगाड्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर कारण बहुधा हेच. करंट फार कमी असतो, माणसाला फारसं होत नाही, पण वायर काढता-घालताना रायझर आणि बोर्ड यानेच उडतात. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरी पिन नुसती दिसायला असते. वायरमनला मीटर लावून दाखवायला सांगा.

घरचा इन्व्हर्टर रिगला लावू नका. वीज गेली तर रिग बंद पडू द्या, आली की आपोआप सुरू होण्याची सोय पुढे बोर्डाच्या बायोसमध्ये (सेटिंगच्या पडद्यात) करू.

सांगाडा आणि पहिलं कार्ड

तयार अ‍ॅल्युमिनियमची चौकट मिळते. हार्डवेअरच्या दुकानातल्या स्लॉटेड अँगलची छोटी मांडणीही तितकीच चांगली. खाली बोर्ड आणि सप्लाय, वर आडव्या पट्टीला कार्डं स्क्रूने कसलेली, दोन कार्डांमध्ये निदान चार बोटं जागा. रायझरच्या पाटीच्या खालच्या बाजूला सोल्डरची टोकं उघडी असतात. ती धातूला टेकता कामा नयेत, म्हणून खाली प्लॅस्टिकचे खुंट लावा.

आता कितीही मोह झाला तरी सहाही कार्डं एकदम लावू नका. क्रम असा ठेवा:

१. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, एवढंच जोडा. एकही कार्ड नको. मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला लावा. संगणक सुरू होऊन बायोस दिसला पाहिजे.

२. बायोसची सेटिंग करा (पुढचा भाग बघा) आणि सिस्टिम टाकून घ्या.

३. भिंतीचं बटण बंद करून एक मिनिट थांबा. मग एक रायझर, एक कार्ड. आधी पट्टी बोर्डावर सरळ आणि पूर्ण दाबून बसवा, मग केबल, मग रायझरची सहा पिनी वायर, शेवटी कार्डाची आठ पिनी वायर.

४. सुरू करा. कार्ड दिसलं की अर्धा तास मायनिंग चालवून बघा. नंतर रायझरचा कनेक्टर बोटाने चाचपा. कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर तिथेच थांबा.

५. बंद करा, दुसरं कार्ड लावा, पुन्हा तेच.

याला एक पूर्ण दिवस जातो. सहाव्या कार्डाला काही अडलं तर दोष सहाव्यातच आहे हे तुम्हाला ठाऊक असतं. एकदम सगळी लावणाऱ्याला सहा कार्डं, सहा रायझर आणि डझनभर वायरी यांतून तो शोधावा लागतो.

बायोस

सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग ‘अबव्ह फोर जी डीकोडिंग’, ते चालू करा. प्रत्येक कार्ड बोर्डाकडे पत्त्यांचा एक तुकडा मागतं. हे पत्ते ४ जीबीच्या आतच द्यायचे म्हटलं तर तीन-चार कार्डांनंतर जागा संपते, आणि पुढचं कार्ड लावलं की संगणक सुरूच होत नाही. नवखे लोक बोर्ड खराब समजून परत करायला निघतात, तेव्हा पुष्कळदा हेच सेटिंग बंद असतं.

बाकीची भराभर सांगतो. सीएसएम बंद. सिक्युअर बूट बंद. पीसीआयचा वेग ‘ऑटो’वरून काढून जेन १ किंवा जेन २ करा, कारण स्वस्त रायझर जेन ३च्या वेगाला चुकतात. पहिला डिस्प्ले इनबिल्ट ग्राफिक्सवर ठेवा. ऑडिओ आणि न लागणारे पोर्ट बंद करा. ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ला ‘पॉवर ऑन’ द्या, म्हणजे वीज आल्यावर रिग आपोआप सुरू होईल.

सिस्टिम, पूल आणि वॉलेट

विंडोजवर मायनिंग होतं, पण सहा कार्डांसाठी मी लिनक्सवर आधारलेली हाइव्ह ओएस सुचवेन. विंडोजच हवं असेल तर व्हर्च्युअल मेमरी सगळ्या कार्डांच्या मेमरीच्या बेरजेइतकी ठेवा. सहा गुणिले आठ, म्हणजे ४८ जीबी.

हाइव्हची इमेज त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा आणि बलेना एचरने एसएसडीवर लिहा. खातं काढून ‘फार्म’ तयार करा. फार्म हॅश नावाची अक्षरांची ओळ रिगच्या कॉन्फिग फाइलमध्ये टाकली की रिग तुमच्या खात्यात स्वतःच नोंदली जाते. आधीपासून दिलेला पासवर्ड नुसता १ असतो, तो पहिल्याच दिवशी बदला. खात्याला टू-फॅक्टर लावा. कोणी आत शिरलं तर तुमचं वॉलेट (नाणी जमा होतात तो पत्ता) काढून स्वतःचं टाकेल, आणि रिग चालू दिसत असल्याने तुम्हाला कित्येक दिवस पत्ता लागणार नाही.

यानंतर ‘फ्लाइट शीट’ भरायची: नाणं, वॉलेटचा पत्ता, पूल (अनेक रिग मिळून काम करतात आणि कमाई वाटून घेतात तो गट) आणि मायनर प्रोग्रॅम. एनव्हिडियासाठी टी-रेक्स, एएमडीसाठी टीमरेडमायनर, दोन्हींसाठी लोलमायनर हे जुने, नावाजलेले प्रोग्रॅम आहेत. ते मिळणाऱ्या कामातला लहानसा हिस्सा स्वतःसाठी ठेवतात, पूलही साधारण टक्काभर घेतो. मायनर प्रोग्रॅम भलत्या ठिकाणाहून, टेलिग्रामवरच्या लिंकवरून कधीही घेऊ नका. नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये घ्या आणि सीड फ्रेज (वॉलेट परत मिळवायचे शब्द) कागदावर लिहून कुलपात ठेवा. जुलै २०२४मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजवरची (नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारातली) २३ कोटी डॉलरच्या आसपासची मालमत्ता चोरीला गेली आणि लाखो ग्राहकांचे पैसे अडकले. एक्स्चेंजवर नाणी विकण्यापुरतीच न्या.

‘तुम्ही पैसे भरा, मायनिंग आम्ही करू, दरमहा ठरलेला परतावा देऊ’ असं सांगणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. गेनबिटकॉइन या योजनेने महिना दहा टक्क्यांचं आमिष दाखवून हेच केलं, आणि २०१८मध्ये पुणे पोलिसांनी त्यातल्या आरोपींना अटक केली तोवर महाराष्ट्रातल्या कितीतरी कुटुंबांची बचत बुडाली होती.

ट्यूनिंग

आधी वीज कमी करा, वेग मागाहून. एनव्हिडिया कार्डाची पॉवर लिमिट दहा-दहा वॅटने खाली आणत जा आणि हॅशरेट कुठे घसरायला लागतो ते लिहून ठेवा. रेव्हनकॉइनचा कॉपॉव अल्गोरिदम कार्डाच्या कोअरला (मुख्य चिपला) राबवतो, तिथे कोअर फार खाली आणला की वेग लगेच पडतो. इथेरियम क्लासिकमध्ये सगळा भार मेमरीवर असतो, तेव्हा कोअर बराच खाली ठेवून मेमरीचा वेग वाढवता येतो. विंडोजवरचा मेमरीचा आकडा लिनक्सवर दुप्पट लिहावा लागतो, म्हणून आकडा कोणाकडून घेताना तो कुठला आहे हे विचारा.

एका रात्रीत जास्तीत जास्त वेग काढण्याच्या मागे लागू नका. दर दोन दिवसांनी अडकणाऱ्या रिगपेक्षा तीन टक्के हळू पण महिनाभर न थांबणारी रिग जास्त नाणी देते. पूलवर नाकारलेले शेअर (कार्डांनी पाठवलेली उत्तरं) वाढायला लागले की मेमरी लगेच खाली आणा.

उष्णता

भिंतीतून घेतलेले ९४५ वॅट सगळेच्या सगळे उष्णता होऊन खोलीत उतरतात. म्हणजे जवळजवळ एक किलोवॅटचा हीटर दिवसरात्र चालू. बंद खोलीत एसी लावला तर विजेचा आधीचा सगळा हिशोब कोलमडतो. खिडकीशी एग्झॉस्ट पंखा लावा, समोरच्या बाजूने थंड हवा येऊ द्या, आणि रिगची गरम बाजू पंख्याकडे करा. कोअर ६५ अंशांच्या आसपास राहिला तर उत्तम. आरटीएक्स ३०८० आणि ३०९०च्या जीडीडीआर६एक्स मेमरीचं तापमान वेगळं बघावं लागतं. ती ११० अंशांवर स्वतःहून मंदावते, आणि जुन्या कार्डांचे थर्मल पॅड बदलल्यावर बराच फरक पडतो.

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपारी रिग सरळ बंद ठेवा. कोकणात उष्णतेपेक्षा खारी दमट हवा जास्त छळते, तिथे कनेक्टरच्या पिनांवर गंज चढतो. मोकळ्या चौकटीत उबेला पाली येतात, उंदीर वायरी कुरतडतात. बारीक जाळी लावा, पण हवा अडू देऊ नका. महिन्यातून एकदा रिग बंद करून ब्लोअरने धूळ काढा आणि प्रत्येक पॉवर कनेक्टर उपसून बघा. प्लॅस्टिक पिवळं पडलं असेल तर वायर आणि रायझर दोन्ही बदला.

बिघाड झाला तर

एखादं कार्ड दिसतच नसेल तर आधी रायझरची केबल बदला, मग पूर्ण रायझर, मग बोर्डावरचा स्लॉट, आणि सगळ्यात शेवटी कार्डावर संशय घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कार्ड थेट बोर्डाच्या मोठ्या स्लॉटमध्ये लावून चाललं, तर दोष रायझरचा हे नक्की.

एनव्हिडियाच्या लॉगमध्ये एक्सआयडी ७९ आला, तर चालता चालता कार्डाचा बोर्डाशी संपर्क तुटला असा त्याचा अर्थ. अशा वेळी लोक आधी ड्रायव्हर बदलत बसतात. आधी त्या कार्डाची रायझरची वीज आणि केबल तपासा, मग ओव्हरक्लॉक (वाढवलेला वेग) कमी करा.

रिग दर काही तासांनी पूर्ण बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर सप्लायवर लोड जास्त आहे का बघा. एक कार्ड काढून चोवीस तास चालवा. तेवढ्याने थांबलं तर दुसरा सप्लाय जोडा. घरातली मोटर किंवा एसी सुरू होताना ती बंद पडत असेल, तर वायरमनला त्या वेळचं व्होल्टेज मोजायला सांगा.

एकच कार्ड पुन्हा पुन्हा अडकत असेल तर त्याची सगळी सेटिंग मूळ करून दोन दिवस चालवा. तरीही अडकलं तर ते दुसऱ्या, चांगल्या कार्डाच्या रायझरवर हलवा. दोष कार्डाबरोबर गेला की रायझरवरच राहिला, हे तेवढ्याने कळतं. हाइव्हमध्ये वॉचडॉग चालू ठेवा, हॅशरेट पडला की तो रिग पुन्हा सुरू करतो. पण तासाला तीनदा रीस्टार्ट होत असेल तर वॉचडॉगवर सोडून देऊ नका. भिंतीचं बटण बंद करा आणि वायरी हाताने तपासा.